शेतकरी माणसाचा जीवनवृत्तांत: उपासनेत वाचायला, पुस्तिकेत छापायला, कबरेच्या दगडावर कोरायला

आयुष्यभर शेती केली, घर सांभाळलं आणि मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, कामात कधी मागे राहिले नाहीत, अशा माणसाच्या दफनाच्या वेळी जो जीवनवृत्तांत वाचला जातो, त्यात हमखास तीन शब्द येतात: कष्टाळू, मनमिळाऊ, प्रार्थनाशील. शब्द खरेच असतात. पण त्याच चर्चमध्ये याआधी गेलेल्या प्रत्येकाबद्दल तेच वाचलेलं असतं, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माणूस उभा राहत नाही. शेतकऱ्याचं आयुष्य कामात असतं. कुठल्या रानात कोणतं पीक घेतलं, विहिरीला पाणी कधी लागलं, पाण्याची पाळी आणि रविवारची उपासना एकाच वेळी आली तेव्हा काय केलं, हे सापडलं की विशेषणांची गरज उरत नाही. ते कसं शोधायचं आणि कसं मांडायचं, ते पुढे दिलं आहे. पुरंदर, दौंड, शिरूर, जुन्नरकडे गावी शेत आणि मुलं हडपसर, खडकी, वडगाव शेरीला नोकरीला, अशा घरांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे.

एकाच आयुष्याचे चार मजकूर लागतात: दफनाच्या दिवशी तीनशे शब्द, नंतरच्या स्मरणार्थ उपासनेला पाचशे, पुस्तिकेला अडीच ते तीन हजार, आणि दगडावर फार तर वीस. चारही एकदम लिहायला बसू नका. पुस्तिकेचं साहित्य पहिल्या रात्री हाताशी नसतंच.

पहिल्या रात्री

दफन बहुधा दुसऱ्याच दिवशी असतं. त्या रात्री नवं काही शोधायला वेळ नसतो. घरात जे नक्की ठाऊक आहे तेवढंच लिहा: पूर्ण नाव, जन्मगाव, आईवडिलांची नावं, बाप्तिस्मा, लग्न, मुलं, शेती कुठे आणि कशाची, मंडळीत कोणती जबाबदारी सांभाळली, शेवटचं आजारपण एका वाक्यात, आणि मागे कोण आहे. तारखेची खात्री नसेल तर नुसतं वर्ष लिहा. वर्षाचीही खात्री नसेल तर "लहानपणी", "दुष्काळाच्या आधी" असं लिहिलं तरी चालतं. भर उपासनेत चुकीची तारीख वाचली की पुढे तीच घरोघर पाठ होते.

मराठी मजकूर सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला की मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. म्हणजे तीनशे शब्दांना तीन मिनिटं. उन्हात कबरेशी उभ्या असलेल्या लोकांसाठी एवढं पुरे.

सर्वांत जास्त मनं दुखतात ती मागे राहिलेल्यांच्या यादीत. लग्न झालेल्या मुलींची नावं सासरच्या आडनावासकट लिहा. त्यांच्यानंतर जावई, सुना आणि नातवंडं घ्या. आधी गेलेलं मूल वगळू नका. आईला ते नाव ऐकायचं असतं. दिवंगताचे हयात भाऊ-बहीण हमखास विसरले जातात. यादी पूर्ण झाली की थोरल्या आत्याला किंवा चुलत्यांना फोनवर वाचून दाखवा. दहा मिनिटांच्या या फोनने वर्षभराचा अबोला टळतो.

मृत्यूची तारीख मध्यरात्रीच्या आसपासची असेल तर दाखल्यावर येईल तीच सगळीकडे ठेवा. नाहीतर दगडावर एक, पुस्तिकेत दुसरी, दफन नोंदवहीत तिसरी असा घोळ होतो.

तारखा आणि नावं

आज सत्तरी-ऐंशीच्या घरात असलेल्या शेतकऱ्यांच्या आधारकार्डावर फार वेळा १ जून किंवा १ जानेवारी असते. १ जून ही शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने टाकलेली तारीख असते, आणि १ जानेवारी फक्त वय सांगता आलं म्हणून पडलेली. तेवढ्यावर विसंबू नका.

चर्चची बाप्तिस्मा नोंदवही जास्त भरवशाची, कारण बालबाप्तिस्म्याच्या नोंदीत बहुधा बाप्तिस्म्याच्या तारखेशेजारी जन्मतारीख, आईवडील आणि गाव लिहिलेलं असतं. बाप्तिस्मा मोठेपणी झाला असेल तर मात्र तिथलं वयही अंदाजाचं समजा. विवाह नोंदवहीत वधूचं गाव आणि दोघांचे वडील सापडतात, दृढीकरणाच्या (मोठं झाल्यावर मंडळीचं पूर्ण सभासद होण्याच्या विधीच्या) नोंदीत वर्ष मिळतं. पाळकसाहेबांकडे जाताना नाव, वडिलांचं नाव, गाव आणि अंदाजे वर्ष कागदावर लिहून न्या, आणि अलीकडची-पलीकडची दोन-दोन वर्षंही बघू द्या अशी विनंती करा. वही त्यांच्यासमोरच पाहा, पानाचा फोटो परवानगीनेच काढा. त्या पानावर इतर घरांच्याही नोंदी असतात.

वही गावच्या चर्चमध्ये नसेल तर मंडळी पूर्वी कोणत्या मिशनची होती ते विचारा. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी स्थापन झालं. त्यात अँग्लिकन आणि युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियासकट सहा चर्चसंस्था एक झाल्या. शिरूर, अहमदनगरकडच्या (आताचं अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या आधी युनायटेड चर्चमध्ये होत्या. त्यामुळे १९७० पूर्वीच्या वह्यांवर जुन्याच संस्थेचं नाव असतं आणि काही वह्या धर्मप्रांताच्या कचेरीत गेलेल्या असतात. अमेरिकन मिशनची मेथॉडिस्ट मंडळी या एकत्रीकरणात आली नाही, तिचं दप्तर वेगळं. आई किंवा आजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली असेल तर तिच्या बालपणाची विचारपूस थेट त्या संस्थेत करावी.

नावांचा गुंता याहून मोठा. सातबाऱ्यावर दगडू, बाप्तिस्मा वहीत दाविद आणि सगळ्या गावात भाऊ, असा एकच माणूस असू शकतो. जुन्या वह्या इंग्रजीत लिहिलेल्या असल्या तर आडनावाचं स्पेलिंग दर पानाला बदलतं. नोंद आपल्याच माणसाची आहे हे वडिलांचं नाव आणि गाव, दोन्ही जुळल्यावरच धरा. जीवनवृत्तांतात तिन्ही नावं द्यावीत. ज्या नावाने बांधावरून हाक मारली जायची ते नाव वाचलं की मागच्या रांगेत बसलेला शेजारीही मान वर करतो.

कागद नसेल तिथे ठळक घटनांना धरून वर्ष काढा. म्हाताऱ्या माणसाला "साल कोणतं?" विचारलं तर "काय ठाऊक" येतं. "पानशेत फुटलं तेव्हा लग्न झालं होतं का?" असं विचारा. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. १९७२ चा दुष्काळ तर प्रत्येकाच्या लक्षात असतो: खडी फोडायला कुठल्या कामावर होते, दुष्काळात वाटलेली मिलो (परदेशी लाल ज्वारी) आणि सुकडी कोण आणायचं, त्या वेळी पाळण्यात कोण होतं. इंदिरा गांधी गेल्या ३१ ऑक्टोबर १९८४ ला, किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. अशा दोन घटनांच्या मध्ये गोष्ट बसली की वर्ष दोन-तीन सालांपर्यंत येतं, आणि मग "सुमारे १९६५" असं लिहायला हरकत नाही.

घरच्या बायबलची पहिली आणि शेवटची कोरी पानं अवश्य उघडा. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या हाताने लिहिलेल्या नोंदी तिथेच असतात. आतल्या चिठ्ठ्या, पावत्या, वाळलेली पानं काढण्याआधी त्या त्या पानाचा फोटो घ्या. कोणत्या वचनाशी काय ठेवलं होतं, हे एकदा हललं की परत कळत नाही. ज्या वचनाखाली रेघ ओढलेली आहे ते टिपून ठेवा, पुढे ते लागणार आहे.

जमीन बोलते, पण तिचे कागद वाचता यायला हवेत

सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) घरात असतातच. पण आयुष्याची गोष्ट फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये असते. सातबाऱ्यावर वर्तुळात किंवा ओळीने दिलेले फेरफार क्रमांक उतरवून घ्या आणि एकेक नोंद काढा. वारस नोंदीवरून वडील कधी गेले आणि जबाबदारी कितव्या वर्षी अंगावर आली ते कळतं. खरेदीच्या नोंदीवरून रान कधी वाढलं ते कळतं. सर्वांत कामाची नोंद कर्जाच्या बोज्याची. विकास सोसायटीचं किंवा भूविकास बँकेचं कर्ज विहिरीला किंवा इंजिनाला काढलेलं असलं की विहिरीचं साल तिथे सापडतं, आणि बोजा कमी झाल्याच्या नोंदीवरून ते फिटायला किती वर्षं लागली हेही. "अकरा वर्षांत विहिरीचं कर्ज फेडलं" हे वाक्य "कष्टाळू" या शब्दापेक्षा कितीतरी जड आहे.

जुन्या नोंदी शोधताना गट नंबर लावून काही मिळत नाही, कारण १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली गावागावांत योजना राबवली गेली तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट आले. त्याआधीचं सगळं सर्व्हे नंबरावर शोधावं लागतं. दोहोंचा मेळ एकत्रीकरणाच्या तक्त्यात असतो. बरेचसे जुने उतारे महसूल खात्याच्या आपले अभिलेख संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत, तिथे नसतील तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. जुनं क्षेत्र एकर-गुंठ्यांत आणि नंतरचं हेक्टर-आरमध्ये असतं: ४० गुंठ्यांचा एकर, १०० आरचा हेक्टर, आणि एक गुंठा जवळजवळ एक आर. ०.८१ हेक्टर म्हणजे दोन एकर. ऐकणाऱ्यांसाठी एकरच वाचा.

काही कुटुंबांची जमीन वतनाची, म्हणजे गावकीच्या कामाच्या मोबदल्यात मिळालेली होती. १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायद्यानंतर ती नजराणा भरून परत मिळवावी लागली आणि उताऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असा शेरा राहिला. आजोबांनी ती रक्कम कशी उभी केली हे घरात कुणाला आठवत असेल तर ते जरूर लिहा. मिळालेली जमीन टिकवणं हेच त्या पिढीचं मोठं काम होतं. मात्र पुस्तिकेत गट नंबर, वाटपाचे तपशील आणि चालू वाद छापू नका. "गावच्या ओढ्यापलीकडे तीन एकर" एवढं पुरतं.

पीक पाहणीच्या रकान्यावर फार भिस्त ठेवू नये. बऱ्याच ठिकाणी मागच्या वर्षीचंच पीक पुढे उतरलेलं असतं. खरं पीक पावत्यांवरून कळतं: गुलटेकडी मार्केट यार्डातली आडत्याची हिशोबपट्टी, साखर कारखान्याचा भाग दाखला आणि उसाच्या पावत्या, दूध डेअरीचं पुस्तक. हे कागद पत्र्याच्या पेटीत किंवा माळ्यावर गोणपाटात सापडतात. शेणामातीने चिकटलेले कागद ओढून सोडवू नका, सावलीत उघडे ठेवून आपोआप सुटू द्या.

पिकाचं नाव मोघम नको. "धान्य पिकवत" असं लिहिण्याऐवजी मालदांडी ज्वारी, चाकणकडचा कांदा, मावळातला आंबेमोहर, जुन्नरचा टोमॅटो, पुरंदरचं अंजीर असं लिहा. अंजीर असेल तर त्याच्या दोन हंगामांपैकी खट्टा बहार धरायचे की मीठा, हे विचारा. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांची बाग त्याआधीची असेल तर ती किती आधीची ते नोंदवण्यासारखं आहे. अवजारंही नावानिशी यावीत: मोट कधी सुटली, इंजिन कधी आलं, विजेचा पंप तीन एचपीचा होता की पाचचा, पाभर (पेरणीचं अवजार) स्वतःची होती की सावडीने, म्हणजे एकमेकांत देवघेव करून, आणायचे, बैलांची नावं काय होती. बैलांची नावं विचारली की घरातली सगळ्यात गप्प बसलेली व्यक्ती बोलायला लागते.

आणि घरच्या बाईचं काम. खुरपणी, धारा काढणं, बी राखून ठेवणं, मजुरांच्या भाकरी, निंदणीला रांग धरणं, यातलं काहीही महसुली कागदावर उमटत नाही. तिचं नाव बहुतेक वेळा नवरा गेल्यावर वारस नोंदीतच पहिल्यांदा येतं. त्यामुळे केवळ कागदावरून लिहिलेला वृत्तांत निम्माच असतो. तिला वेगळं बसवून विचारा. मुलगे समोर असले की ती त्यांच्याकडे बघून उत्तर देते.

मंडळी आणि शेत एकमेकांत कुठे गुंततात

"ते चर्चला नियमित जात" या वाक्यातून फारसं काही हाती लागत नाही. शेतीपंपाला कधी दिवसा, कधी रात्री अशी पाळीपाळीने वीज मिळायची, आणि कालव्याचं आवर्तन तर वार पाहून येत नाही. रविवारी सकाळी पाळी आली तर ते काय करायचे, हा प्रश्न घरच्यांना आणि बांधाशेजाऱ्यांना वेगवेगळा विचारा. कुणी पाळी शेजाऱ्याशी बदलून घ्यायचे, कुणी पहाटे पाटाची दारं मोडून (पाणी वळवून) साडेआठला बाकावर यायचे, कुणी थोरल्या मुलाला रानात ठेवून बाकीच्यांना घेऊन यायचे, तर कुणी पाणी सोडून येत नसत आणि संध्याकाळी घरी प्रार्थना घ्यायचे. यातलं जे खरं असेल तेच लिहा. शेवटचं उत्तरही कमी प्रतीचं नाही.

असेच आणखी काही प्रश्न नेमकं सांगून जातात. नाताळात ज्वारी हुरड्यात येते आणि पाखरं राखावी लागतात. मग नाताळच्या सकाळी गोफण कोणाच्या हातात असायची? कापणीच्या सणाला वेदीपुढे काय आणायचे: पहिल्या कणसांची पेंढी, शेंगांची पाटी, की डझनभर अंडी? उपासनेनंतरच्या लिलावात स्वतः काय घ्यायचे? प्रभुभोजनाच्या रविवारी काय वेगळं असायचं? भजनी मंडळात टाळ धरायचे की मृदंग, आणि कोणतं गीत त्यांनीच उचलायचं? चर्चच्या भिंती उभ्या राहिल्या तेव्हा दगड, वाळू, बैलगाडी, अंगमेहनत यांपैकी त्यांनी काय दिलं?

पदं तपासून घ्या. पास्टोरेट कमिटीचे (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचे) सभासद, खजिनदार, शब्बाथशाळेचे शिक्षक ही वेगवेगळी कामं आहेत, आणि "बरीच वर्षं खजिनदार" हे इतिवृत्तात बघितलं तर कधी सात वर्षं निघतात, कधी सव्वीस. पाळकांची परवानगी घेऊन कमिटीचं इतिवृत्त आणि वार्षिक अहवाल चाळा. अर्पणाची आणि दशांशाची रक्कम मात्र वाचू नये. डाव्या हाताला कळू नये असं ज्याला शिकवलं गेलं आणि ज्याने ते पाळलं, त्याचे आकडे मुलांनी माइकवर सांगू नयेत.

बोलणं फोनवर रेकॉर्ड करा: फोन उशीवर किंवा घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, पंखा बंद, एका वेळी एकच माणूस, चाळीस मिनिटांच्या वर नाही. सर्वांत वयस्कर व्यक्तीपासून सुरुवात करा. नुसत्या प्रश्नांपेक्षा हातात काही दिलेलं बरं: जुना फोटो, खुरपं, पावतीपुस्तक. "ते कसे होते?" हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर पुन्हा त्या तीन विशेषणांतच मिळतं.

पाचशे शब्दांची मांडणी

पहिले पन्नास शब्द नाव, जन्म, आईवडील. पुढचे साठ-सत्तर बालपण, शाळा, बाप्तिस्मा. लग्नाला चाळीस-पन्नास. शेतीला एकशे तीस, मंडळीला ऐंशी, कुटुंबाशी वागण्यातला एखादा खरा प्रसंग पन्नास-साठ शब्दांत, आजारपण वीस, आणि उरलेलं मागे राहिलेल्यांना. शेतीचा भाग सगळ्यांत मोठा ठेवा. बहुतेक जण उलट करतात: शेतीला एक ओळ आणि आजारपणाला अर्धं पान. कोणता डॉक्टर, किती दिवस आयसीयू, कुठला रिपोर्ट, हे ऐकून माणसाचे शेवटचे पंधरा दिवसच लक्षात राहतात आणि आधीची ऐंशी वर्षं पुसली जातात.

वाक्य कसं घडवायचं, याचा नमुना. "ते अत्यंत धार्मिक आणि कष्टाळू होते" याऐवजी: "शनिवारी रात्री वीज आली की पहाटेपर्यंत कांद्याला पाणी द्यायचे, हातपाय धुऊन धोतर बदलायचे आणि साडेआठच्या उपासनेला डावीकडच्या दुसऱ्या बाकावर बसायचे." दुसऱ्या वाक्यात एकही विशेषण नाही. तुमच्या माणसाचं वाक्य तुमच्या माहितीतूनच यायला हवं. हा नमुना उतरवून घेऊ नका.

उपदेश लिहू नका, तो पाळकांचा भाग आहे आणि दोन्ही एकत्र आले की दोन्ही लांबतात. संतही बनवू नका. रागीट असतील तर "तोंडाने कडक होते, पण दिवेलागणीनंतर राग ठेवत नसत" इतपत, आणि तेही खरं असेल तरच. कर्ज, व्यसन, भाऊबंदकी यांबद्दल ज्यांना ते भोगावं लागलं त्यांचं मत घ्या. ते नको म्हणाले तर वगळा, पण त्याच्या उलटही काही लिहू नका. ज्या घरात दारूने हाल झाले तिथे "आदर्श पिता" वाचलं की बायको-मुलांनी जे सोसलं तेच खोटं ठरतं.

वचन निवडताना शेतीची वचनं भरपूर आहेत: स्तोत्र १२६ मधली अश्रूंनी केलेली पेरणी, योहान १२:२४ मधला जमिनीत पडलेला गव्हाचा दाणा, पहिल्या व शेवटच्या पावसाची वाट पाहणारा याकोब ५:७ मधला शेतकरी, अनुवाद २६ मधलं प्रथमफळांचं अर्पण, आणि गरिबांसाठी शेताच्या कडा न कापण्याची लेवीय १९:९ मधली आज्ञा. ज्यांनी सर्वा (कापणीनंतर रानात पडलेली कणसं) वेचणाऱ्या बायकांना कधी रानातून हाकललं नाही, त्यांना हे शेवटचं शोभेल. तरी त्यांच्या बायबलात रेघ ओढलेलं वचन असेल तर तेच घ्या, आणि त्याच प्रतीतून अक्षरन् अक्षर उतरवा. मराठी बायबलच्या आवृत्त्यांत शब्द बदलतात, आणि त्यांच्या तोंडी असलेला पाठ घरच्यांना लगेच ओळखू येतो.

वाचणारा निवडताना "थोरला मुलगाच" असा आग्रह नको. ज्याचा आवाज टिकेल तो वाचेल. अक्षर १६ पॉइंटचं, ओळींत मोकळी जागा, कागदाच्या एकाच बाजूला, पानाच्या शेवटी वाक्य पूर्ण. दुसरी प्रत पहिल्या रांगेतल्या कुणाकडे द्या. गळा दाटून आला तर त्याने तिथून पुढे वाचावं. एक प्रत पाळकसाहेबांना आदल्या दिवशी द्या, म्हणजे संदेशात तेच प्रसंग दुसऱ्यांदा येत नाहीत.

पुस्तिका

ए-५ आकार हातात धरायला सोपा. मधे पिना मारायच्या असल्याने पानं चारच्या पटीत हवीत: १२, १६ किंवा २०. तेरा पॉइंटच्या मराठी मजकुराचे पानाला साधारण २२०-२५० शब्द बसतात, म्हणजे अडीच हजार शब्द आणि आठ-दहा फोटोंना १६ पानं पुरतात. आत ९० जीएसएम मॅपलिथो, मुखपृष्ठाला २५० जीएसएम आर्ट कार्ड. शंभर-दोनशे प्रतींना डिजिटल छपाई परवडते, त्याहून बऱ्याच जास्त असतील तर ऑफसेटचा भाव काढा. अप्पा बळवंत चौक आणि आसपासच्या पेठांत दोन्ही होतं.

फोन किंवा संगणकावर तुम्ही टाइप करता ते युनिकोड असतं. बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे श्रीलिपीसारखा जुना फॉन्ट असतो. मजकूर एकातून दुसऱ्यात नेताना रफार, "ऱ्या", "ऱ्ह" आणि अर्धी अक्षरं मोडतात. म्हणून प्रूफ कागदावर मागा, फोनवरच्या पीडीएफवर नाही, आणि नावं व आकडे आधी तपासा, मजकूर नंतर. दोघांनी मिळून तपासलेलं चांगलं: एकाने मूळ कागद वाचायचा, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवायचं.

फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केले की छापताना दुप्पट मोठे करता येतात. काचेला चिकटलेला फोटो सोडवायला जाऊ नका. पावसाळ्यातल्या दमटपणाने चिकटलेला थर काचेवरच राहतो आणि चेहरा जातो. तो काचेसकट, खिडकीच्या प्रकाशात, फ्लॅश न मारता, किंचित तिरक्या कोनातून टिपा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने. फोटोखाली डावीकडून उजवीकडे सगळी नावं, ठिकाण आणि वर्ष द्या. माणूस ओळखू येत नसेल तर तेवढी जागा सोडा. स्टुडिओत टाय लावून काढलेल्या फोटोपेक्षा खळ्यात, गोठ्यात किंवा चर्चच्या पायरीवर काढलेला फोटो मुखपृष्ठाला घ्यावा, चेहरा थोडा सावलीत असला तरी.

दगड

लगेच दगड बसवू नका. नव्या कबरेची माती पहिल्या पावसाळ्यात खचते, आणि काळ्या मातीत तर ती पावसात फुगून उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे घाईने केलेला ओटा तिरका होतो किंवा मधोमध चिरतो. तोवर नाव लिहिलेला लाकडी क्रूस पुरे. एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या, खचलेली जागा भरून घ्या, मग मुरूम लागेपर्यंत पाया खणून त्यावर काँक्रीट आणि नंतर दगड. त्याआधी दफनभूमी सांभाळणाऱ्या कमिटीकडून मापाची परवानगी लेखी घ्या. बऱ्याच ठिकाणी ओट्याची उंची आणि लांबी ठरलेली असते.

दोन फूट रुंद काळ्या ग्रॅनाइटवर दोन्हीकडे दोन इंच सोडले तर वीस इंच उरतात. इंचभर उंचीच्या अक्षरांची एका ओळीत सोळा-सतरा अक्षरं बसतात. वेलांटी, मात्रा आणि उकारांमुळे मराठीला ओळींतलं अंतर अक्षराच्या उंचीच्या पावणेदोन पट लागतं. कारागीर इंग्रजीच्या सवयीने ते कमी धरतात आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. नुसता रंग भरलेली अक्षरं काही वर्षांत उडतात. खोल कोरायला सांगा, म्हणजे रंग गेला तरी वाचता येईल.

मजकूर: पूर्ण नाव, हाक मारायचं नाव, जन्म आणि मृत्यूच्या तारखा, गाव, आणि वचनाचा फक्त संदर्भ. महिना अक्षरांत लिहा, "१२ मार्च १९४१" असा. १२/३/४१ मधला शतकाचा अर्थ नातवंडांना लागणार नाही. "शेतकरी" हा शब्द नावाखाली कोरायला संकोच करू नका. डॉक्टर आणि वकिलांच्या दगडांवर त्यांचा व्यवसाय असतोच.

कोरण्याआधी मजकूर खऱ्या मापात कागदावर छापून दगडावर चिकटवायला सांगा आणि घरातल्या तिघांनी स्वतंत्रपणे वाचून त्यावर सह्या करा. कोरलेलं अक्षर दुरुस्त होत नाही. दगडच बदलावा लागतो.

पुस्तिकेची एक प्रत चर्चच्या दप्तरात, एक घरच्या बायबलसोबत आणि एक गावच्या शाळेत द्या. रेकॉर्डिंग आणि स्कॅन फोटो दोन वेगळ्या घरांत, दोन वेगळ्या ठिकाणी साठवून ठेवा. छापून झाल्यावर चूक सापडली, आणि एखादी सापडतेच, तर चर्चच्या प्रतीत समासात पेन्सिलीने दुरुस्ती करून शेजारी ती कोणी, कोणत्या कागदावरून केली ते लिहून ठेवा.